कमरपट्ट्यावरचे मोर

राणीसाहेबांच्या कमरपट्ट्यावरचे मोर नाहीसे झाले, आणि ते नाहीसे केले भिवराने!

भिवरा महालातली भांडी घासायची. संध्याकाळी राजकन्येचं बारसं, म्हणून चांदीचा कमरपट्टाही उजळायला तिच्याकडेच आला. आपलं काही कमी पडेल या धास्तीने तिने तो चिंचेच्या कोळात बुडवला, रांगोळीने घासला, परत बुडवला, परत घासला. धास्ती तिला कशाचीही वाटे. नुकती रांगायला लागलेली लेक रडली तरी वाटे, रडली नाही तरी वाटे. चांदी दुधासारखी पांढरी झाली खरी, पण पिसाऱ्यांच्या कोरीव रेषांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला काळा रंगही धुऊन गेला. त्या काळ्याशिवाय मोर दिसेनातच.

मार्तंडराजे महाहट्टी. त्यांनी हुकूम सोडला, बारशाआधी तो काळा रंग परत आला पाहिजे. काजळ नको, शाई नको, धूर नको. वरून बोट फिरवल्यावर बोट काळं झालं, तर भिवराने लेकीला घेऊन राज्याची वेस ओलांडायची.

कारभारी हळूच म्हणाले, की हे पिढ्यांचं काम आहे.

"घालवायला हिला एक सकाळ पुरली ना?" राजे म्हणाले. "मग आणायला दुपार पुरेल."

भिवराने डोळे पुसले, क्षणभर विचार केला आणि मुदपाकखान्यातून टोपलीभर उकडलेली अंडी मागवली. जाण्याआधी पोटभर खाऊन घेतेय वाटतं, असं कारभारी पुटपुटले. तिने गरम अंडी कुस्करून मोठ्या पातेल्यात पसरली, वर जाळी ठेवली, जाळीवर कमरपट्टा ठेवला, झाकण कणकेने लिंपलं आणि शेजारी बसून राहिली.

झालं! भिवरा कोंबडीच्या अंड्यांतून मोर उबवतेय, अशी बातमी महालभर पसरली. दासी येऊन पातेल्याला कान लावून गेल्या. एकीला तर आत मोर ओरडलेलासुद्धा ऐकू आला. भिवरा प्रत्येकीला "होईल, होईल" म्हणे, आणि मनात म्हणे, नाही झालं तर? तेवढ्यात लेकीने कणीक उकरून खाल्ली. झाकण पुन्हा लिंपावं लागलं.

संध्याकाळी सगळ्यांसमोर पातेलं उघडलं. आधी वास बाहेर आला. कारभारी नाक धरून खिडकीशी गेले. मग कमरपट्टा बाहेर आला, काळाकुट्ट. राजांच्या भुवया चढल्या. भिवराने चिमूटभर रांगोळी लावून मऊ फडक्याने उंचवटे तेवढे घासले, तसतसा एकेक मोर पिसारा फुलवून वर आला. रेषांतला काळा रंग जागचा हलला नाही. राजांनी बोट फिरवलं, घासलं, पाहिलं. बोट स्वच्छ.

"ही विद्या कुणाकडे शिकलीस?"

"तुमच्याकडेच, सरकार."

कारभाऱ्यांनी नाकावरचा हात काढला.

"न्याहारीची अंडी तुम्ही चांदीच्या वाटीत खाता. वाटी रोज अशीच काळी होऊन माझ्यापुढे येते. तुम्ही जे खाता खाता करता, त्याला मला अख्खी दुपार लागली."

राजे इतके हसले, की पाळण्यातली राजकन्या जागी झाली आणि पगडी कारभाऱ्यांना सावरावी लागली. हसू आवरल्यावर त्यांनी ती वाटी मागवली आणि भिवराच्या हातात दिली. हिचे लेकीला वाळे कर म्हणाले, आणि आचाऱ्याला बजावलं, उद्यापासून आमची अंडी केळीच्या पानावर वाढा.