कागदावरचं वजन

रद्दीचा लगदा दाबून ऋतुजानं शाळेसाठी बाकं बनवली होती. मुलं अजून फरशीवरच बसत होती, कारण बाकांची मंजुरी नगरपालिकेत अडकली होती. अभियंते धारूरकरसाहेब दर खेपेला आवाज खाली आणून म्हणायचे, "मॅडम, फाईलवर जरा वजन ठेवा. त्याशिवाय कागद हलत नाही." ऋतुजा दर खेपेला धुसफुसत परतायची.

शेवटी विषय सभेत आला. ऋतुजानं नमुन्याचं बाक मधोमध आणून ठेवलं. धारूरकर हसले. "रद्दी आहे हो ही. कागद कधी वजन पेलतो का?"

ऋतुजाचा संयम सुटला. "साहेब, एकदा काय ते ठरवा. फाईलवर वजन ठेवा, असं तुम्हीच सांगत होतात. तिथे कागदाला वजन पेलतं, मग बाक झाल्यावरच का पेलत नाही?"

सभागृहात खसखस पिकली. नगराध्यक्षा रेळेबाईंनी चष्मा काढला. "धारूरकर, कसलं वजन हो?"

"पोरांचं, मॅडम. पोरांचं वजन," धारूरकर घाम पुसत म्हणाले. "पेलेल की." आणि खात्री पटवायला स्वतःच बाकावर जाऊन बसले.

बाक जरासुद्धा हललं नाही. फाईल मात्र त्याच दुपारी हलली, आणि तीही वजनाशिवाय.