कथिलाचा निकाल

एका बंदराच्या गावी एकदा एक वृद्ध ओतारी राहत असत. काशाचे टाळ आणि देवळांच्या घंटा ओतण्यात त्यांचा हात धरणारा त्या किनाऱ्यावर दुसरा कोणी नव्हता. त्यांचा टाळ वाजला की त्याचा नाद बराच वेळ हवेत रेंगाळत राही. गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांच्यापाशी पंचविशीतला एक शिष्य सात वर्षे राहून विद्या शिकत होता. हाताने कुशल, मनाने सरळ, पण स्वभावाने तापट असा तो तरुण होता.

कासे होते ते तांबे आणि कथील यांच्या मिश्रणातून. तांबे देशात मिळे. कथील मात्र समुद्रापलीकडून येई. आजवर गुरुजी ते व्यापाऱ्याकडून विकत घेत. त्या वर्षी मोठ्या देवस्थानाचे काम हाती आले, तेव्हा तांब्यापुरते पैसे मागे ठेवून बाकीची पुंजी एका विश्वासू नाखव्याच्या हाती देऊन त्यांनी परदेशातून परस्पर माल मागवला. कार्तिकात गलबत धक्क्याला लागले. गुरुशिष्य दोघेही पेटी सोडवायला जकातघरात गेले.

जकातघरातला कारकून वर्षभरापूर्वीच लागलेला होता. त्याने पेटीचे झाकण काढले, आतल्या शुभ्र कांबी पाहिल्या आणि दरपत्रकाच्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवले.

“चांदी व तत्सम पांढरा धातू. किमतीचा पाचवा हिस्सा.”

“हे कथील आहे,” शिष्य म्हणाला. “कथिलाला चाळिसावा हिस्सा लागतो. खाली भांड्यांच्या धातूंत लिहिलंय बघा.”

“मला वाचता येतं. पण डोळ्यांना पांढरं दिसतंय ना? मग ते पांढऱ्या धातूतच गेलं. वर्षभर मी असंच लावतोय. आजवर कोणी तक्रार केली नाही.”

शिष्य तावातावाने पुढे सरसावला. गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते कारकुनाला शांतपणे म्हणाले, “तुम्ही सांगाल ती रक्कम आम्ही भरतो. पण पावतीवर लिहा की माल कथील असल्याचं आमचं म्हणणं आहे आणि ही जकात आम्ही हरकत घेऊन भरली आहे. शिवाय यातली एक कांब तुमचा शिक्का मारून तुमच्याकडेच राहू द्या.”

कारकुनाला पैसे मिळत होते. नाही म्हणायचे कारण नव्हते. त्याने तसे लिहून दिले. कांबेवर लाखेचा शिक्का मारून ती फडताळात ठेवली.

पेटी घरी आली, पण तांब्यासाठी राखलेले पैसे जकातीत गेले. कथील होते आणि तांबे नव्हते. भट्टी थंड पडली. महिनाभर वाट पाहून देवस्थानाने काम दुसऱ्या गावच्या ओताऱ्याला दिले. गुरुशिष्य फुटक्या घंटांना डाग देऊन, जुन्या टाळांच्या कडा नीट करून दिवस काढू लागले. कधी कधी दोन्ही वेळा नुसती पेज असे.

गुरुजींनी अर्ज लिहिला. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. कोणता माल, कोणत्या दिवशी, पत्रकाची कोणती ओळ लावली, कोणती लावायला हवी होती आणि किती रक्कम अधिक गेली, एवढेच होते. दर सोमवारी ते काठी टेकीत जकातघरात जात आणि अर्जाचे काय झाले ते विचारत. मुख्य जकातदार कामानिमित्त राजधानीत होते, त्यामुळे उत्तर ठरलेले असे: साहेब आले की बघू. हळूहळू तिथले हमाल त्यांना “चांदीवाले आजोबा” म्हणू लागले. ते पायऱ्या चढू लागले की कोणीतरी हसे. शिष्य बरोबर जाई, पण चार पावले मागे राहून. आपण यांच्यासोबत आहोत हे लोकांना कळू नये असे त्याला वाटे, आणि असे वाटल्याची पुन्हा त्यालाच लाज वाटे.

एके दिवशी धक्क्यावरच्या एका दलालाने त्याला गाठले. “कशाला म्हाताऱ्याचे पाय झिजवतोस? पुढच्या खेपेला कांबी खजुराच्या पोत्यांत घालून आणू. पाचवाही नको नि चाळिसावाही नको.”

शिष्याने हे घरी येऊन सांगितले. गुरुजी धातू वितळवायची मूस पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. “चाळिसावा हिस्सा आपण द्यायचाच आहे,” एवढेच ते म्हणाले.

माघ महिन्यात जकातदार परतले आणि त्यांनी अर्जदाराला बोलावणे पाठवले. ते पोक्त, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी फडताळातली कांब मागवली, शिक्का तपासला आणि ती गुरुजींपुढे ठेवली.

“हे चांदी नाही, हे कसं दाखवाल?”

“आपणच पाहावं. कांब कानाशी धरा आणि हळूहळू वाकवा.”

जकातदारांनी लाख फोडली, कांब कानाशी नेली आणि दोन्ही हातांनी वाकवली. आतून बारीक कर्र कर्र असा आवाज आला, जुनी खाट कुरकुरावी तसा. त्यांनी चकित होऊन ती पुन्हा वाकवली. पुन्हा तोच आवाज.

“कथील वाकताना असं कुरकुरतं,” गुरुजी म्हणाले. “चांदी मुकाट वाकते. आपल्या हातातलं कडं चांदीचं असेल तर त्याच्यापाशी ताडून पाहा. शिवाय वजन पाहा. एवढी कांब चांदीची असती तर चांगलीच जड लागली असती.”

जकातदारांनी कडे काढून पाहिले आणि कांब खाली ठेवली. त्यांनी कारकुनाकडे असे पाहिले की तो भिंतीशी सरकला. मग त्यांनी दार लोटून घेतले, पैशांच्या पेटीतून एक थैली काढली आणि स्वतःच्या हाताने गुरुजींपुढे सरकवली.

“चूक आमची आहे. अधिक घेतलेली सगळी रक्कम यात आहे. घेऊन जा. तेवढा अर्ज मात्र मागे घ्या. कागदावर निकाल दिला तर राजधानीत दहा प्रश्न निघतील. आपल्यातलं आपल्यात मिटवू.”

तीन महिन्यांत प्रथमच शिष्याला तांबे दिसू लागले, पेटलेली भट्टी दिसू लागली. त्याने थैली उचलण्यासाठी हात पुढे केला.

गुरुजींनी ती थैली बोटांनी अलगद मागे सारली.

“माफ करा,” ते म्हणाले. “असं नाही घेता येणार.”

“पैसे कमी वाटतात?”

“पैसे बरोबर असतील. मला निकाल हवा आहे. लेखी.”

जकातदारांच्या चेहऱ्यावर नाराजी उमटली. “आजोबा, मी तुमच्यावर कृपाच करतोय.”

“ते दिसतंय मला,” गुरुजी नम्रपणे म्हणाले. “पण मी अर्ज केला होता, याचना केली नव्हती.”

जकातदारांनी थैली पेटीत ठेवली आणि सगळे कागद राजधानीत पाठवण्याचा हुकूम दिला. गुरुजी काठी टेकीत पायऱ्या उतरले. शिष्य मागोमाग उतरला.

घरी पोचल्यावर त्याचा संयम सुटला. “तुम्हाला तुमचा मान जपायचा होता. पण चूल दोघांची आहे. आपले पैसे आपल्या हातात आले होते, गुरुजी. आता ते कधी येतील? येतील तरी का?”

“निकाल आला की सांगेन,” गुरुजी म्हणाले आणि फुटक्या टाळाला कानस लावू लागले.

शिष्य आठ दिवस त्यांच्याशी बोलला नाही. एका व्यापाऱ्याकडे मोजणीदाराची जागा रिकामी असल्याचे त्याने ऐकले होते. तिथे तो दोनदा जाऊनही आला. परंतु गुरुजींचे गुडघे आता साथ देत नव्हते आणि सोमवारी त्यांना एकटे त्या पायऱ्या चढताना पाहवेना, म्हणून तो राहिला. त्यांचा हात धरायचा तर चार पावले मागे राहून चालत नाही. तो त्यांच्या बरोबरीने चढू लागला. लोक हसत; तो मान खाली घालून चढे.

चैत्र संपता संपता राजधानीतून निकाल आला. जकातदारांनी दोघांना बोलावले, गुरुजींना बसायला सांगितले आणि तो उभ्याने वाचून दाखवला. कथील हा भांड्यांचा धातू आहे. त्याला चांदीचा दर लावणे गैर आहे. आणि अशा रीतीने गेल्या वर्षभरात ज्यांच्याकडून अधिक जकात घेतली गेली, त्या प्रत्येकाला ती परत करावी. निकालाची एक प्रत जकातघराच्या दारावर लावावी आणि गावात दवंडी द्यावी.

वाचून झाल्यावर जकातदारांनी थैली पुढे केली. या वेळी दार उघडे होते आणि वहीत गुरुजींची सही होती. चाळिसावा हिस्सा कापून उरलेली रक्कम गुरुजींनी मोजून घेतली.

“त्या दिवशी मला तुमचा राग आला होता,” जकातदार म्हणाले.

“साहजिक आहे,” गुरुजी म्हणाले. “पण आज तुम्ही मला बसायला सांगून स्वतः उभे राहून वाचलंत. मी हे विसरणार नाही.”

बाहेर येऊन ते पायरीवर टेकले. शिष्य शेजारी बसला. त्याने विचारले, “रक्कम तीच होती. मग माघातली थैली का नाकारली?”

गुरुजी म्हणाले, “जकात देण्यात कमीपणा नाही, बाळ. हा धक्का त्यातूनच बांधला, नावाड्यांना वाट दाखवणारा दिवाही त्यातूनच जळतो. म्हणून आपला वाटा आपण द्यायचा, तोही उजळ माथ्याने. पण वाट्याहून अधिक घेतलेलं परत मागायचं तेसुद्धा उजळ माथ्याने. त्या दिवशी दार लोटून ते जे देत होते, ते आपलंच होतं; पण घेताना मात्र आपण त्यांचे मिंधे झालो असतो. आणि दाराबाहेर चूक तशीच राहिली असती. कारकून म्हणाला होता की वर्षभर तो असंच लावतोय. मी तेव्हापासून विचार करत होतो, या गावात कथील आणतं कोण? मोठे व्यापारी लावलेली जकात गिऱ्हाइकाकडून काढतात. उरले ते घरोघर फिरून भांड्यांना कथिलाची कल्हई लावणारे. ते चार-चार जण मिळून एखादी पेटी मागवतात. त्यांना अर्ज लिहिता येत नाही. आपल्याला येतो. ज्याला येतो त्याने थैली घेऊन घरी जायचं नसतं.”

शिष्याला आठ दिवसांचा आपला अबोला आठवला.

दुसऱ्या दिवशी दवंडी फिरली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जकातघरासमोर रांग लागली. काळवंडलेल्या हातांचे, अंगाला कल्हईच्या नवसागराचा वास येणारे सतरा जण होते. कोणाजवळ पावती होती, कोणाची हरवली होती. गुरुजी शिष्याला म्हणाले, “पावती नसली तरी जकातघराच्या वहीत नोंद असणारच. ती काढायला सांग.” शिष्य दौत-लेखणी घेऊन पायरीवर बसला आणि एकेकाचा अर्ज लिहू लागला. आत तोच कारकून वही धुंडाळून नावे पुकारीत होता. आदल्या दिवशी तो स्वतः गुरुजींच्या भट्टीवर आला होता आणि धातू कसे ओळखायचे ते तासभर शिकून गेला होता.

“दाऊद कल्हईवाला,” कारकुनाने पुकारले.

एक प्रौढ बाई पुढे आली. पदराच्या गाठीतून तिने चार घड्यांची पावती सोडली. “ते गेले श्रावणात,” ती म्हणाली. “जायच्या आधी म्हणत होते, या कागदात काहीतरी चुकलंय. पण कुणाला विचारायचं ते माहीत नव्हतं. मी नुसता जपून ठेवला.”

शिष्याने तिचा अर्ज लिहिला, वाचून दाखवला, अंगठ्याला शाई लावून दिली. थोड्या वेळाने ती पैसे घेऊन बाहेर आली. ते तिने मोजले नाहीत. दोन्ही हातांत धरून ती पायरीशी थांबली.

“त्यांचं बरोबर होतं तर,” ती स्वतःशी म्हणाली. मग शिष्याकडे वळली. “हे कुणी केलं, दादा? दवंडीत नाव नव्हतं.”

शिष्य उठून उभा राहिला. गुरुजी पलीकडे एका म्हाताऱ्या कल्हईवाल्याला धरून पायऱ्या चढवत होते. त्यांना स्वतःला काठीचा आधार लागत होता, तरी दोघे मिळून चढत होते. आज कोणी हसत नव्हते. हमाल आपणहून बाजूला होऊन वाट देत होते.

“ते बघा, काठीवाले,” शिष्य म्हणाला. “ते माझे गुरू. मी त्यांचा शिष्य आहे.”

बाईने दुरूनच हात जोडले आणि ती गेली. रांगेतला पुढचा माणूस पायरीवर येऊन बसला. शिष्याने नवा कागद घेतला आणि त्याचे नाव विचारले.

आपला हक्क ताठ मानेने मागणाऱ्याच्या मागे किती जण मुकाट उभे असतात, हे त्याला त्याचा निकाल लागल्यावरच दिसते.