थांबायला अर्धा मैल

“वस्ताद, एका वाक्यात सांगा. सरळ पळणारा मोठा, का वळणं घेणारा मोठा?”

दस्तगीर वस्ताद उकिडवे बसून एका गाडीच्या टायरची हवा तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“इचारतंय कोण?”

“धैर्यशील खराडे. इचलकरंजी.” छाती आपोआप पुढं आली. “सरळ पट्टीवर पळायचं, त्या ड्रॅग रेसचे अकरा कप घरात आहेत. पाव मैल, साडेअकरा सेकंदांत.”

“बरं.”

नुसतं बरं! अहो, इचलकरंजीत साडेअकरा सेकंद म्हटलं की अनोळखी माणूस चहा पाजायचा, आणि हा म्हातारा ‘बरं’ म्हणून दुसऱ्या चाकाकडं सरकला.

कागलच्या पुढं माळावर एक खाजगी ट्रॅक होता. दोन किलोमीटरचा, बारा वळणांचा. रविवारी सकाळी गाड्यांचे शौकीन तिथं आपापल्या गाड्या घेऊन यायचे आणि पाळीपाळीनं फेऱ्या मारायचे. त्यांचा तो ट्रॅक-डे. तिथं कुणाशी शर्यत नसते, ज्यानं त्यानं आपलाच वेळ सुधारायचा.

तिथं शब्द चालायचा तो दस्तगीर शिकलगारांचा. वय सत्तरच्या पुढं. चाळीस वर्षं त्यांनी शर्यतीच्या गाड्या बांधल्या आणि त्या चालवणारी माणसंही घडवली. ज्याला शिष्य करायचं, त्याच्या मनगटाला ते काळा गंडा बांधायचे. गाण्यातले उस्ताद बांधतात तसाच. आणि त्यात त्यांचा हात भलताच आखडता होता. गेल्या सहा वर्षांत एकच गंडा बांधला होता, मिरजेच्या दातांच्या डॉक्टर रेवती चौगुल्यांना.

या डॉक्टरीणबाईंनीच सगळा घोळ केला होता. एका लग्नात धैर्यशील आपल्या कपांचं सांगत बसला होता. बाई जिलबी खात खात म्हणाल्या, “सरळ काय हो, पाडव्याला आमच्या गवळी गल्लीतल्या म्हशीसुद्धा पळतात.”

पंगत खो खो हसली. धैर्यशीलला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी त्यानं ठरवलं, वस्तादांचा गंडा मनगटाला बांधून घ्यायचा आणि तो हात घेऊन मिरजेला दात दाखवायला जायचं.

आता तो वस्तादांपुढं उभा होता. मागं त्याची निळी गाडी. गाडीशेजारी त्याचा जिवाभावाचा दोस्त अभिनंदन मगदूम, कप उचलायला दरवेळी बरोबर असायचा तोच.

“गंडा बांधून घ्यायला आलोय, वस्ताद.”

“आन् न्हाई बांधला तर?”

“बांधाल. मला चालवताना बघितलं नाही अजून तुम्ही.”

वस्तादांनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. नाराज झाले असं काही दिसलं नाही.

“पाच फेऱ्या मोजतो,” ते म्हणाले. “जा.”

“किती सेकंदांत मारू?”

“रेवतीची सगळ्यात चांगली फेरी एक मिनिट छत्तीसची हाय.”

बास. एवढं पुरे होतं.

पहिल्या फेरीला धैर्यशीलची पार शोभा झाली. सरळ रस्त्यावर गाडी बंदुकीच्या गोळीसारखी सुटली, आणि तिसऱ्या वळणाला वळायचं सोडून थेट मातीत गेली. धुरळा उडाला. कठड्याशी उभी असलेली माणसं हसली. त्यांच्यातच उभ्या असलेल्या डॉक्टर चौगुले मात्र हसल्या नाहीत, त्या त्याच्या चाकांकडं बघत होत्या.

दुसऱ्या फेरीला तो शिकला. कुठं ब्रेक दाबायचा, कुठं सोडायचा, हे त्याच्या पायाला कळायला लागलं. पोरगा गर्विष्ठ होता, पण गर्व पोकळ नव्हता हो. हात देवानं दिलेला होता.

तिसरी फेरी, एक एक्केचाळीस.

चौथी, एक सदतीस.

पाचव्या फेरीला त्यानं गाडीला श्वास घेऊ दिला नाही. प्रत्येक वळणाला ब्रेक शेवटच्या क्षणी, आणि असा काही की पट्टा छातीत रुतला. बारावं वळण सुटलं, समोर रेघ दिसली, आणि त्यानं पाय तळाला नेला.

एक मिनिट चौतीस!

अभिनंदननं शिट्टी घातली. कठड्याशी टाळ्या पडल्या. धैर्यशील रेघ ओलांडून तसाच भरधाव पुढच्या फाट्यानं आत वळला, वस्तादांच्या पुढ्यात गाडी कचकन थांबवली, हॅण्डब्रेक खर्रकन वर ओढला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. ही त्याची ठरलेली सलामी होती. ड्रॅगच्या धावपट्टीवर दर शर्यतीनंतर तो अशीच द्यायचा, आणि पब्लिक वेडं व्हायचं.

तो दार उघडून उतरला. दोन्ही हात वर.

टाळ्या थांबल्या होत्या.

जळका वास येत होता. चारी चाकांतून निळसर धूर निघत होता.

“हॅण्डब्रेक लावलासा?” डॉक्टर चौगुल्यांनी विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती. त्याचंच त्याला जास्त लागलं.

“मग? गाडी थांबवल्यावर लावायचा नाही का?”

बाईंनी शेजारच्या गाड्यांकडं बोट दाखवलं. ओळीनं आठ गाड्या उभ्या होत्या. एकीचाही हॅण्डब्रेक ओढलेला नव्हता. प्रत्येकीच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा सारलेला होता.

“पाच फेऱ्या जोरात मारल्या की सहावी सावकाश मारायची असते,” त्या म्हणाल्या. “ब्रेकला हात न लावता. वाऱ्यानं सगळं निवतं. तशी न निववता आणलीत आणि वरून हॅण्डब्रेक ओढलात... आता ब्रेकनं चाक धरलं असेल.”

धैर्यशील आत बसला. इंजिन सुरू केलं, हॅण्डब्रेक खाली सोडला. गिअर टाकून हळूच पुढं घेतली.

गाडी हलली नाही.

पुन्हा एकदा. मागून नुसती कण्हली आणि जागेवरच राहिली. तापलेला ब्रेक मागच्या डाव्या चाकाला चिकटून बसला होता.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अकरा कप जिंकलेला माणूस, दिवसातली सगळ्यात जलद फेरी मारलेला माणूस, आणि सगळ्यांसमोर गाडी जागची हलेना! त्याला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तो उतरला आणि कठड्याशी ठेवलेली पाण्याची बादली उचलली. चाकाकडं निघाला, तेवढ्यात वस्तादांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याची पकड अशी की बादलीतलं पाणी डुचमळलं.

“लाल तव्यावर गार पानी?”

“मग काय करू?”

वस्तादांनी बादली काढून घेतली. चाकापासून दोन हातांवर जमिनीवर बसले. शेजारची जागा हातानं झाडली.

“बस.”

“किती वेळ?”

वस्तादांनी धुरकटलेल्या चाकाकडं बोट केलं.

...

धैर्यशील बसला. इस्त्रीच्या पॅण्टला माती लागली. ट्रॅकवर बाकीच्यांच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. गाड्या समोरून जायच्या, यायच्या. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं, पण त्याला सगळे बघतायत असं वाटत होतं.

पंधरा मिनिटं गेली.

“वस्ताद, ड्रॅग म्हणजे खोटा खेळ, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?”

“मी कवा म्हनलो?” वस्तादांचे डोळे चमकले. “धा वर्सं पळवली की मी. माझ्यापुढं कुनी टिकत नव्हता. अजून नाव काढतात जुनी मान्सं.”

हे धैर्यशीलला माहीतच नव्हतं. तो सरसावून बसला.

“मग सांगा की! पाव मैलाची मजा त्यांना काय कळणार!”

“तुमची धावपट्टी केवढी हाय रं?”

“पाऊण मैल.”

“शर्यत पाव मैलाची. मग ऱ्हायलेला अर्धा कशाला ठिवलाय?”

“थांबायला.”

“पळायला पाव. थांबायला अर्धा.” वस्तादांनी मातीत बोटानं एक लहान रेघ ओढली, तिला लागून तिच्या दुप्पट दुसरी. “आन् कप कंच्याचा देत्यात?”

धैर्यशील मातीकडं बघत राहिला. अकरा कप मिळाले होते. त्या अर्ध्या मैलात आपण काय करतो, हे त्याला आठवेना. हात वर करतो, खिडकीतून ओरडतो, अभिनंदनला फोन लावतो... गाडी काय करते, ते कधी बघितलंच नव्हतं.

त्याला लाज वाटली. लोकांच्या हसण्यामुळं वाटते तसली नव्हे, दुसरी.

...

अर्ध्या तासानं अभिनंदन आला. त्याला हे जमिनीवर बसणं मुळीच बघवत नव्हतं.

“धैर्या, ऊठ. लोक काय म्हणतील? रिव्हर्स टाक आणि एक जोराचा दणका दे. फटकन सुटंल. मागच्या खेपेला माझी अशीच सोडवली की आपण.”

खरं होतं. अशीच सोडवली होती. दणका दिला की सुटते, आत काय तुटतं ते नंतर गॅरेजवाला बघतो. किल्ली खिशातच होती. दोन मिनिटांचं काम. गाडी सुटली असती, एक चौतीस सगळ्यांनी बघितलंच होतं, ताठ मानेनं फाटकाबाहेर जाता आलं असतं.

धैर्यशीलनं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद तिसरीकडंच बघत होते, जशी गाडी त्यांची नाही आणि हा पोरगाही त्यांचा कुणी नाही.

“नको,” धैर्यशील म्हणाला.

“आरं पण...”

“नको म्हटलं ना अभ्या. पाच फेऱ्या तिनं मारल्यात, मी नुसता बसलो होतो. निवू दे तिला. तूपण बस.”

अभिनंदन आ वासून बघत राहिला. ज्या माणसाला सिग्नलला साठ सेकंद थांबता येत नव्हतं, तो मातीत मांडी घालून बसला होता आणि वरून दुसऱ्याला बस म्हणत होता! शेवटी तोही बसला, रुमाल अंथरून.

तिघं बसले. गार होणाऱ्या लोखंडाचा टक्... टक्... आवाज येत होता, तो हळूहळू कमी होत गेला. धैर्यशील कान देऊन ऐकत होता. चार वर्षं त्यानं ही गाडी चालवली होती, पण बंद गाडीजवळ बसून तिचं असं काही कधी ऐकलं नव्हतं. आणि गंमत बघा, त्याला तिचा अभिमान वाटला. कपाचा नव्हे, सेकंदांचाही नव्हे. एवढं सोसून गुमान उभी होती, त्याचा.

तासाभरानं वस्तादांनी चाकाजवळ तळहात नेला. मग चाकावर टेकवला. लाकडी हातोड्यानं आतून तीन हलके ठोके दिले. तिसऱ्याला चाक सुटलं, एखादं कुलूप उघडावं तसं.

धैर्यशील उठला. पॅण्ट झटकली नाही. वस्तादांच्या पायाशी वाकला.

“येतो, वस्ताद. गंड्याचं बोलत नाही आता. आलो तेव्हा वाटत होतं, तुम्ही बांधला नाहीत तर तुमचंच नुकसान आहे.”

“आन् आता?”

“आता तोंड नाही मागायला.”

“एक चौतीस मारलंस की. हितं आजवर कुनी मारलं न्हाई.”

“ते मारलं हो.” एवढं बोलताना मात्र मान ताठ झाली. काय करणार, जातिवंत खोड. “त्याची लाज नाही मला. नंतरचं चुकलं.”

वस्ताद मिशीत हसले. ताठ मान त्यांना आवडत नव्हती असं कुणी म्हणावं? सत्तर वर्षं स्वतःची खाली गेली नव्हती.

“गाडीत बस.”

“कशाला?”

“सहावी फेरी ऱ्हायलीय तुझी.”

धैर्यशील बसला. इंजिन सुरू केलं. काच खाली घेतली. वस्तादांनी खिडकीतून त्याचा उजवा हात बाहेर ओढला, बंडीच्या खिशातून काळा दोरा काढला आणि मनगटाला बांधायला लागले. घाई नव्हती. एक गाठ, दुसरी गाठ, प्रत्येक गाठ ओढून बघायची.

कठड्याशी डॉक्टर चौगुले उभ्या राहिल्या. त्यांनी आपला गंड्याचा हात छातीवर ठेवला आणि मान लववली. अभिनंदन रुमाल हातात घेऊन तसाच उभा होता, डोळे पुसायचे का माती झटकायची हे न ठरल्यासारखा.

दोऱ्याच्या त्या दोन गाठींपुढं अकरा कप धैर्यशीलला हलके वाटले. काहीतरी मोठं, शिष्याला शोभेल असं बोलावं असं त्याच्या मनात आलं. पण तोंडातून निघालं ते सवयीचंच.

“वस्ताद, किती सेकंदांत आणू?”

वस्तादांनी गाठ आवळली, हात सोडला आणि दोन पावलं मागं सरकले.

“गाडीला इचार.”