घर सोडून निघालेलं धुराडं

खूप जुनी गोष्ट आहे. डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी विचारात पडावं, अशी.

एका उंच घाटमाथ्यावर एकच मोठं घर होतं. तिथे थंडी अशी, की उन्हाळ्यातही चूल विझवायची सोय नव्हती. घरापेक्षा मोठं होतं घराचं धुराडं. काळ्या दगडांचं, भिंतीला पाठ लावून उभं आणि इतकं उंच, की ढग त्याला अडून दोन वाटांनी जायचे. खालच्या खोऱ्यातले लोक त्याला हात जोडायचे. धुक्यात वाट चुकलेला वाटसरू त्याचा धूर बघून घाट चढायचा आणि त्याच्या पायथ्याच्या ओट्यावर, उबदार दगडांना टेकून अंग शेकायचा.

घराचा धनी होता दौलतबा. धुराडं त्याच्या पणजोबांनी बांधलं होतं आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

एका वर्षी पाऊस थांबेचना. डोंगर आतून भिजला. दौलतबाच्या बायकोला, सकवारला, भिंत आणि धुराडं यांच्यामध्ये एक भेग दिसली. मुंगी शिरेल एवढी.

दौलतबाने चुना कालवला आणि भेग लिंपली. "झालं. पूर्वीसारखं."

पण भेग पुन्हा उघडली. आता बोट शिरत होतं. त्याने पुन्हा लिंपली. मग तळहात शिरू लागला. दौलतबाने चिंध्या कोंबल्या, वर जाड गिलावा केला, त्यावर पांढरा हात मारला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कालच बांधलंय.

सकवार म्हणाली, "अहो, ते घराला सोडून चाललंय."

"धुराडं कुठे चालतं का? अगं, पणजोबांचं काम आहे ते. डोंगर हलेल, ते हलायचं नाही."

"डोंगरच तर हललाय," ती हळूच म्हणाली.

एके सकाळी धुक्यातून वाटसरूंचा एक तांडा घाट चढून आला. बाया, म्हातारी माणसं, पाठीवर बांधलेली तान्ही लेकरं. सगळे गारठलेले. सवयीने सगळे ओट्याकडे वळले. सकवार आडवी आली. "तिकडे नको. गोठ्यात चला."

मग तिने चुलीतले निखारे एका मडक्यात भरले, गोठ्याच्या अंगणात नेले, तिथे तीन दगड मांडले आणि आग फुलवली. पणजोबांच्या काळापासून पेटती असलेली घरातली चूल थंड पडली.

दौलतबा संतापला. "घराचा विस्तव विझवलास तू!"

"विझवला नाही. जागा बदलली त्याची."

तो रागारागाने ओट्यावर जाऊन बसला. धुराड्याला पाठ टेकली आणि म्हणाला, "बघू कसं पडतं ते!"

सकवारने आरडाओरडा केला नाही. ती त्याच्याजवळ आली आणि तिने गिलाव्याचा पापुद्रा उचकटला. चिंध्या ओढून काढल्या. त्याचा हात धरला आणि भेगेत घातला. "डोळे मिटा. काही बोलू नका."

खोऱ्यातून वारा वर आला. दौलतबाच्या बोटांभोवतीची फट हळूच रुंद झाली. वारा थांबला, फट आवळली. पुन्हा रुंद झाली. ते एवढं थोरलं दगडी धुराडं श्वास घेत होतं.

दौलतबाने हात काढला. तो उठला, सकवारचा हात धरून तिला दूर घेऊन आला आणि मगच बोलला, "माणसं बोलव."

खोऱ्यातून माणसं आली. त्यांनी खालच्या वाटा काटेरी फांद्या टाकून बंद केल्या. धनगरांनी गोफणीने छपरावरून, धुराड्याच्या मागून सुतळी फेकली. सुतळीमागून दोर ओढले. दोरांची टोकं घेऊन माणसं दोन बाजूंच्या लांबच्या खडकांवर उभी राहिली. पहिला हात दौलतबाने लावला.

"पणजोबा, माफी असावी," तो म्हणाला आणि त्याने ओढलं.

धुराडं झुकलं. झुकून क्षणभर थांबलं, निरोप घेणाऱ्या वडीलधाऱ्यासारखं. मग ते आख्खंच्या आख्खं आभाळातून खाली आलं. कडे कडाडले. खोऱ्यापलीकडच्या डोंगराने तो आवाज परत पाठवला, मग त्याच्यापलीकडच्या डोंगराने. पाखरांचे थवेच्या थवे उडाले. धूळ उठली आणि ढगांत मिसळली.

धूळ बसली. ओट्याच्या जागी माणसापेक्षा मोठ्या शिळांचा ढीग होता. घर मात्र उभं होतं. आणि जिथे इतकी वर्षं काळोख होता, त्या स्वयंपाकघरात ऊन उतरलं होतं. तांड्यातल्या एका म्हातारीने आधी त्या ढिगाकडे, मग आईच्या पाठीवरच्या आपल्या नातवाकडे पाहिलं आणि सकवारच्या पायाशी वाकली. सकवारने तिला वरच्या वर धरलं.

पुढे दौलतबाने खडक लागेपर्यंत पाया खणला आणि नवं धुराडं उभारलं. बुटकंच, पण भिंतीच्या दगडांत दगड गुंतवून. त्यानंतर कोणी म्हणालं, "दौलतबा, भिंतीला चीर दिसते," की तो हातातला घास ताटात ठेवून उठायचा. चुन्याकडे मात्र जायचा नाही. आधी चिरेत हात घालायचा.

म्हणून सांगतो : भेग झाकणारा घराची शोभा राखतो, भेग मान्य करणारा घरातली माणसं राखतो.