आतून लावलेली कडी

“रडणं एकदम थांबलं कसं, ते सांगा आधी! मारलंत का त्याला?”

“तोंड सांभाळून बोला, हौसाबाई. मुलांवर हात उचलणाऱ्यांतली मी नव्हे.”

“मग कडी का न्हाई काढली? काल हात लाल होस्तवर दार वाजवलं मी. आतनं ‘कोण आहे’ म्हणून सुद्धा कुणी इचारलं न्हाई!”

एकदा एका गावातल्या बालवाडीच्या दारात हे भांडण असं ऐन रंगात आलं होतं. बालवाडी भरायची सोसायटीच्या जुन्या गोदामात. भिंती हातभर जाड, झरोके पार छताला टेकलेले, आणि जाड फळ्यांचं एकच दार. दारासमोरून द्राक्षांचे ट्रॅक्टर धावायचे. म्हणून मुलं आली, प्रार्थना झाली, की बाई आतून कडी लावून घ्यायच्या. मग शाळा सुटेपर्यंत ती कडी निघत नसे, बाहेर कुणीही येवो. हा तिथला नियम होता आणि तो मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बाईंचं नाव वैजयंती. वयानं तरुण, कामाला चोख, आणि त्या चोखपणाचा थोडा ताठा. हौसा बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जाणारी. तिचा इंद्रजीत, घरचा इंद्या, बालवाडीत नवाच होता. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. त्या धुरीत इंद्याची छाती भरायची, खोकून खोकून पोर निळं पडायचं, म्हणून तर तिनं त्याला इथं घातला होता. आणि आज कडी लागण्याआधीच, आत जाऊन बसलेल्या त्याला बखोटीला धरून परत न्यायला तीच आली होती.

“माझं पोरगं माझ्या डोळ्यांदेखत खोकलं तरी चालंल,” ती म्हणाली, “पण बंद दाराआड काय चाललंय ते मला कळत न्हाई, ते चालायचं न्हाई.”

“न्या! खुशाल न्या!” वैजयंती म्हणाली. तिचा आवाज मात्र चिरकला.

माणसं अशी वेडी असतात. जे जाऊ नये म्हणून जीव तुटतो, तेच ‘खुशाल न्या’ म्हणून पुढं करतात. घरात काय आणि शाळेत काय, मानापमानाचा पाट आधी मांडायचा आणि लेकराला मागं उभं करायचं, ही आपली जुनी रीत आहे.

तेवढ्यात आक्का आल्या. ही बालवाडी त्यांनीच काढलेली. वैजयंती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. आता थकल्या होत्या, काठी टेकत सकाळी एक फेरी मारायच्या, एवढंच.

“आक्का, तुम्हीच सांगा यांना,” वैजयंती म्हणाली. “शिस्त तुम्हीच शिकवलीत ना?”

“शिस्त शिकवली होती,” आक्का म्हणाल्या. “बहिरेपण कुठं शिकलीस, ते मला ठाऊक नाही.”

हौसाच्या चेहऱ्यावर विजयाची चमक आली. पण आक्कांनी तिच्याकडेही तशाच नजरेनं पाहिलं. “आणि तू गं? मारलं का, असं विचारतात होय? उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारायचा असेल तर विचारतेस कशाला?”

मग त्यांनी जे केलं त्याचा अर्थ तिथं कुणालाच लागला नाही. त्यांनी हौसाचा दंड धरला आणि तिला आत लोटलं. वैजयंतीचा हात धरून तिला बाहेर ओढलं. आत मुलांचं हवं-नको बघणाऱ्या गोदा मावशी होत्या, त्यांना हाक मारून म्हणाल्या, “गोदा, कडी लाव. आज बाईंच्या जागी हौसा. तू मुलांवर नजर ठेव, पण तिला काही सुचवू नकोस.”

“अवो आक्का, माझी शेड!” आतून हौसा ओरडली.

“खाडा पडू दे.”

कडी लागली. आक्का पायरीवर बसल्या, काठी आडवी ठेवली आणि डोळे मिटले. वैजयंती उभीच राहिली. या गोदामात तिनं इतके दिवस घालवले होते, पण बंद दाराच्या या बाजूला ती कधी उभी राहिली नव्हती. आत काय चाललंय याचा काही पत्ता लागेना. गाणं चाललं असेल तर ऐकू येत नव्हतं. बोलणं ऐकू येत नव्हतं. जाड भिंती सगळं गिळून टाकत होत्या.

आणि मग भिंतीतून एक आवाज बाहेर आला. रडण्याचा.

“आबोली आहे,” वैजयंती म्हणाली. “तिला शू लागलीय, आक्का. ती अशीच रडते, आधी बारीक, मग जोरात. त्यांना कळायचं नाही.”

आक्कांनी डोळे उघडले नाहीत.

“तिला मोरीकडं न्यायला पाहिजे. ती बोलत नाही, नुसती रडते. मावशींना तरी सांगू द्या.”

“बस की जरा.”

“बसू कशी?”

रडणं वाढलं. मोठं झालं, उंच चढलं, आणि एकाएकी तुटलं. सुरीनं कापावं तसं. पाठीमागं राहिली ती नुसती शांतता.

वैजयंतीचा रंग उडाला. “थांबलं कसं?” ती म्हणाली. “आक्का, असं एकदम थांबलं कसं?” आणि आक्कांच्या उत्तराची वाट न बघता तिनं दोन्ही हातांनी दार बडवायला सुरुवात केली. “हौसाबाई! कडी काढा! काय झालं तिला? कडी काढा आधी!”

आतून हौसाचा खणखणीत आवाज आला. “न्हाई काढायची बाई! दार उघडलं की सगळी पळत्यात! दोघं आत्ताच उंबऱ्यापाशी येऊन बसल्यात!”

आक्का हसल्या. अशा हसल्या की समोरच्या झाडाखालचं कुत्रं उठून उभं राहिलं. वैजयंतीचे हात दारावर तसेच राहिले. स्वतःच्या तोंडून काय निघालं आणि आतून काय आलं, हे तिला आता कुठं ऐकू येत होतं.

थोड्या वेळानं आक्कांनी काठीनं दार ठोठावलं आणि कडी निघाली. दारात हौसा उभी. पदर दोन पोरांच्या मुठीत, केस सुटलेले, हाताला खडूची भुकटी. आबोली तिच्या कडेवर होती आणि तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांशी खेळत होती.

“मोरीकडं न्हेलं तिला,” हौसा म्हणाली. “अंमळ उशिरानं उमगलं मला. न्हेलं आन गप झाली.” मग मान वळवून तिनं आत बघितलं. इंद्या कोपऱ्यात फतकल मारून चिंचोके लावत बसला होता. “आन त्यो बघा. मी आत आल्यापास्नं एकदा बघितलंय माझ्याकडं. एकदाच! काल मेला माझ्यासाठी गळा काढत हुता.” ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते.

“कालही तो रडता रडता माझ्या मांडीवर झोपला,” वैजयंती हळू म्हणाली. “म्हणून थांबलं. मावशी काल आल्या नव्हत्या, आणि त्याला उचलून ठेवलं असतं तर जागा झाला असता, म्हणून मी दाराशी आले नाही.”

“मग हे सांगायला काय झालं हुतं?”

“तुम्ही विचारलंत कुठं? थेट मारलं म्हणालात!”

“इचारायला दार कुठं उघडलंत?”

पुन्हा जुंपणार, असं दिसू लागलं. अनुभवानं माणूस शहाणा होतो म्हणतात. होतो, पण लगेच होत नाही, हे लक्षात ठेवावं.

आक्कांनी काठी आपटली. “ऐका दोघी. लेकराचं रडणं भिंतीतून बाहेर येतं. त्याचं मांडीवर झोपणं बाहेर येत नाही, चिंचोके लावणं येत नाही. सुखाला तेवढा आवाज नसतो. त्यामुळं दाराबाहेरच्या आईला अर्धीच गोष्ट ऐकू येते, आणि उरलेली अर्धी ती आपल्या भीतीनं पुरी करते. वैजयंती, तू मघाशी तेच केलंस. हौसा, तू काल तेच केलंस. यात वाईट कुणीच नाही. ज्याला आतलं दिसत नाही त्याच्याकडून विश्वास मागायचा, हे मात्र वाईट आहे.”

मग वैजयंती हौसाकडे वळली. “चुकलं माझं, ताई. उद्यापासून मी कडीच लावणार नाही.”

“अवो, असं करू नका!” हौसा घाबरून म्हणाली. “रस्त्यावर ट्रॅक्टर किती असत्यात! मघाशी ती दोन पोरं दाराकडं कशी सुसाट निघाली हुती, म्या बघितलंय. कडी पायजेच.”

“पण मग तुम्हाला आत दिसणार कसं? आया येऊन बघायला पाहिजेत. आपलं मूल काय करतंय, ते त्यांना दिसलं पाहिजे.”

“दिसू दे न दिसू दे, कडी न्हाई काढायची म्हंजे न्हाई!”

“असं कसं? तुमचं मूल आहे!”

“म्हणून तर सांगतीया!”

दोघींचे आवाज पुन्हा चढले होते. सकाळचंच भांडण होतं, फक्त प्रत्येकीच्या तोंडात दुसरीची बाजू होती. गोदा मावशी पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हे त्या दोघींच्या ध्यानात आलं तेव्हा त्या एकमेकींकडे बघतच राहिल्या. आबोलीनं या बाईंकडून त्या बाईंकडे झेप घेतली आणि वैजयंतीनं तिला अलगद कडेवर घेतलं.

“मूल आईला बघून रडेल, आक्का,” वैजयंती म्हणाली. तिची एवढीच शंका उरली होती.

“रडेल की. आणि आई आहे तिथंच आहे, हे बघून पुन्हा खेळायला लागेल. आज इंद्या नाही लागला?”

इंद्यानं आपलं नाव ऐकून मान वर केली, आईला एकदा पाहून घेतलं आणि तो पुन्हा चिंचोक्यांकडे वळला.

मग आक्का उठल्या, दाराच्या फळीवर हात ठेवून त्यांनी इंद्याच्या उंचीचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, “सुताराला बोलवा आणि हे दार पोरांच्या डोक्याच्या वर आडवं कापून दोन करा, खालच्याला कडी राहू दे, वरचं उघडं ठेवा, पोरं अडवायला ते कधी लागलंच नव्हतं.”