मिस्त्रीच्या मानाची माळ

सह्याद्रीतल्या एका घाटाच्या पायथ्याला आंबेघोळ नावाचं बाजाराचं गाव होतं. तिथे निवृत्ती नावाचा एक मिस्त्री राहायचा. बंद पडलेलं इंजिन त्याच्या दारात आलं की धडधडतच बाहेर पडायचं. असं सगळा बाजार म्हणायचा, आणि बाजाराच्या आधी निवृत्ती स्वतः म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्याला मोठ्या कामाची आवड जरा जास्त होती आणि बारक्या कामाचा कंटाळाही तेवढाच होता.

आंबेघोळात एक रिवाज होता. एखाद्या गाडीत दुसरं इंजिन बसवलं आणि ते पहिल्यांदा सुरू झालं, की गाडीपुढे नारळ फोडायचा. मग गाडीच्या मालकाने लाल दोऱ्यात ओवलेला जुना भोकाचा पैसा मिस्त्रीच्या मनगटावर बांधायचा. इंग्रजांच्या वेळचं ते नाणं बाजारात चालेनासं होऊन जमाना लोटला होता, पण मानासाठी घरोघर जपून ठेवलेलं असायचं. पैसा मनगटावर चढला की काम पुरं झालं. त्यानंतर त्याच दिवशी मिस्त्रीने पुन्हा बॉनेट उघडलं तर त्याची नाचक्की व्हायची. निवृत्तीने असे मिळालेले पैसे माळेत ओवून वर्कशॉपच्या भिंतीवर खिळ्याला टांगले होते. गिऱ्हाइकाला चहाच्या आधी माळ दाखवली जायची.

घाटावर, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, धनगरांची वस्ती होती. तिथून खाली यायला रस्ता कसला, दगडांची वाट होती. त्या वाटेने चालणारी गाडी एकच, हौसाबाई कोकरे यांची जुनी जीप. कड्याला चिकटून चढते म्हणून लोक तिला घोरपड म्हणायचे. हौसाबाई ती स्वतः चालवायच्या. दुधाचे कॅन, आजारी माणसं, लग्नातली भांडी, सगळं घोरपडीतून जायचं. आणि दहावीची परीक्षा तोंडावर आलेली असताना नेमकं घोरपडीचं इंजिन कायमचं बसलं.

हौसाबाईंनी बैल जुंपून गाडी खाली आणली. निवृत्तीच्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "मिस्त्री, सोमवारी पोरांचा पयला पेपर हाय. सड्यावरची समदी पोरं माझ्याच गाडीतनं यायची. माझी लेक कुसुम बी हाय त्यात. गाडी घाटात बसली, तर पोरांचं वर्ष गेलं म्हनून समजा."

"आक्का, इंजिन मी बसवतोय," निवृत्ती म्हणाला. त्याच्या मते एवढं सांगितलं की सगळं सांगून झालं.

मोडीत निघालेल्या एका टेम्पोचं चांगलं इंजिन त्याने शोधून आणलं. ते जीपच्या मापाचं नव्हतं. त्याने लोखंड कापलं, वेल्डिंग केलं, इंजिनासाठी नवे पाय बनवले. साखळीला लटकलेलं इंजिन त्याने असं अलगद खाली उतरवलं, की बघायला जमलेल्या लोकांचे श्वास अडकले. ते जागेवर बसलं तेव्हा बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. निवृत्तीला टाळ्या आवडायच्या. कुणाला आवडत नाहीत?

मग राहिलं इंजिनाच्या पुढचं सामान. रेडिएटरमागचा पंखा, पाणी फिरवणारा पंप, बॅटरी भरणारा डायनामो आणि या सगळ्यांना फिरवणारा एकच फॅनबेल्ट. टेम्पोत डायनामो ज्या बाजूला होता, तिथे जीपचा स्टिअरिंगचा दांडा आडवा येत होता. म्हणून डायनामो दुसऱ्या बाजूला घ्यावा लागला आणि तो धरून ठेवायला नवी पट्टी बनवावी लागली. हे काम किचकट होतं. बघायला कुणी उभं राहील असं तर मुळीच नव्हतं. बघे चहाला निघून गेले आणि निवृत्तीचं लक्षही त्यांच्यामागे गेलं.

"नवरदेव बोहल्यावर उभा ऱ्हायला," तो हसत म्हणाला. "आता वऱ्हाड कुठं का बसंना." त्याने पट्टी नजरेच्या अंदाजाने लावली, नट आवळले आणि हात पुसले.

रविवारी भर बाजारात घोरपड सुरू झाली. इंजिनाचा आवाज असा भरदार निघाला की मिरच्यांचे ढीग मांडून बसलेल्या बायकाही उठून आल्या. ढोल वाजला. नारळ फुटला. हौसाबाईंनी कमरेच्या पिशवीतून लाल दोरा काढला आणि निवृत्तीने मनगट पुढे केलं.

तेवढ्यात कुणीतरी हौसेने ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाची गती वाढली आणि निवृत्तीच्या कानावर एक बारीक आवाज आला. चिर्र.

ढोलाच्या गजरात तो दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नाही. निवृत्तीला मात्र त्या एका आवाजाचा सगळा अर्थ कळला. डायनामोची पुली किंचित मागे राहिली होती. बेल्ट तिरका धावत होता. असा बेल्ट सपाटीला टिकतो, पण घाटात कड खात खात तुटतो. तो तुटला की पंखा थांबतो, पंप थांबतो, पाणी उकळतं आणि चांगलं इंजिन वाटेत जखडून बसतं.

"मिस्त्री," गाठ मारता मारता हौसाबाईंनी विचारलं, "उंद्या पोरं घिऊन उतरायचं हाय. मी बिनघोर जाऊ न्हवं?"

आता बॉनेट उघडायचं म्हणजे पैसा मनगटावर चढल्यावर उघडायचं. सगळा बाजार बघत होता. निवृत्ती म्हणाला, "आक्का, इंजिनाची काळजी तुमी करू नका."

उत्तर खरं होतं. फक्त प्रश्नाचं नव्हतं. हौसाबाई बिचाऱ्या समाधानाने हसल्या, गाडीत बसल्या आणि घाटाच्या दिशेने निघाल्या.

नवा मान माळेत ओवायला निवृत्ती वर्कशॉपमध्ये आला. बेल्ट नवा आहे, चालून चालून बसेल, असं तो मनाशी म्हणत होता. हेच एखाद्या शिकाऊ पोराने म्हटलं असतं, तर त्याने त्याचा कान पिळला असता. दोऱ्याची गाठ सोडायला त्याने मनगट वर केलं आणि त्याला कुसुम आठवली. पुढच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसणारी, गाडीची पाण्याची बाटली आठवणीने भरून ठेवणारी. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. तो तसाच बाहेर धावला.

घोरपड बाजाराच्या टोकाला पोचली होती. पुढे बैलगाड्या आडव्या आल्या म्हणून थांबली होती एवढंच. निवृत्तीने बॉनेटवर थाप मारली.

"आक्का, इंजिन बंद करा. काम ऱ्हायलंय."

बाजारातली माणसं भोवती जमली. वर्कशॉपशेजारच्या पंक्चरवाल्या भिकोबाला राहवलं नाही. "आरं निवृत्ती, मान बांधल्यावर बॉनेट उघडतोस? नाक कापलंस की आपल्या बाजाराचं!"

"नाक माझं हाय, भिकोबा," निवृत्ती बॉनेट उचलत म्हणाला. "घाटात अडकतील ती पोरं या माउलीची हायती."

बेल्टच्या कडेचा काळा भुगा डायनामोवर एवढ्यातच सांडला होता. हौसाबाई गाडीतून उतरून आल्या, त्यांनी तो बोटावर घेतला आणि निवृत्तीकडे बघितलं.

"तुला ठावं हुतं?"

"आवाज आला तवाच कळलं हुतं, आक्का. गप ऱ्हायलो. चुकलो."

हौसाबाईंनी पदर खोचला आणि त्या त्याच्यासाठी पाना धरून उभ्या राहिल्या.

पुली पुढे आणायची तर पट्टीखाली लोखंडी चकत्या, म्हणजे वायसर, घालायला हव्या होत्या. निवृत्तीकडचे जाड वायसर इंजिनाच्या पायांखाली संपले होते, आणि लोखंडी सामानाचं दुकान नेमकं त्या दिवशी बंद. त्याने इकडेतिकडे बघितलं. मग मनगटावरच्या पैशाकडे बघितलं. तांबूस, सपाट, मध्ये बोल्ट जाईल एवढं भोक. तो वर्कशॉपकडे गेला आणि भिंतीवरची माळ घेऊन परत आला.

"आरं, तुझा मान हाय तो!" आता भिकोबाच कळवळला.

निवृत्तीने माळ तोडली. दुधाच्या ट्रकचा मान, उसाच्या ट्रॅक्टरचा मान, तालमीच्या जीपचा मान, एकेक पैसा त्याने पट्टीखाली बोल्टात ओवला. अजून थोडं कमी पडत होतं, म्हणून हौसाबाईंनी नुकताच बांधलेला पैसाही त्याने मनगटावरून काढून त्यात घातला. त्याचा लाल दोरा मात्र ठेवून दिला. तो दोरा त्याने इंजिनाच्या मोठ्या पुलीपासून डायनामोच्या पुलीपर्यंत ताणून धरला. या वेळी त्याने नजरेच्या अंदाजावर भरवसा ठेवला नाही. दोरा दोन्ही पुल्यांना सारखा टेकेपर्यंत तो पट्टी हलवत राहिला. मग बेल्ट बदलला, नट आवळले, आवळलेले पुन्हा तपासले, आणि त्यानंतर पंखा आणि पंपही नव्याने तपासले. आता बघायला सगळा बाजार उभा होता, पण निवृत्तीचं तिकडे लक्ष नव्हतं.

इंजिन पुन्हा सुरू झालं. त्याने ते जोरात फिरवून बघितलं. धडधड तेवढी ऐकू आली, दुसरं काही नाही.

हौसाबाईंनी पिशवीत हात घातला. "थांब, दुसरा पैसा बांधते."

"आज नगं," निवृत्ती म्हणाला. "पोरं परीक्षेला पोचल्यावर बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबेघोळच्या दुकानांच्या फळ्या उघडत होत्या तेव्हा घोरपड घाट उतरून आली. आत पोरं दाटीवाटीने बसली होती, आणि कुसुम पुढच्या सीटवर पुस्तकात डोकं घालून बसली होती. हौसाबाई थांबल्या नाहीत. थांबायला वेळच नव्हता. त्यांनी वर्कशॉपसमोर हॉर्न वाजवला आणि गाडी सरळ शाळेकडे गेली. दारात उभ्या असलेल्या निवृत्तीला यापूर्वीच्या कुठल्याही नारळाने एवढा आनंद झाला नव्हता.

तेव्हापासून आंबेघोळचा रिवाज बदलला. मानाचा पैसा आता गाडी पहिला घाट चढून-उतरून आल्यावर बांधतात. निवृत्तीच्या भिंतीवर नवी माळ काही लागली नाही. मिळालेले पैसे तो वायसरच्या डब्यात टाकतो. खिळ्याला कडेने कुरतडलेला एक फॅनबेल्ट टांगलेला आहे. जुनं गिऱ्हाईक आलं की विचारतं, "मिस्त्री, तुमची मानाची माळ कुठं गेली हो?"

निवृत्ती सड्याकडे बोट दाखवतो. "ती? कामाला लावलीय. रोज घाट चढती."

तात्पर्य: लोकांनी वाहवा केली म्हणून काम पुरं होत नाही. ज्याला आपल्या हातांवर खरा भरवसा असतो, तो भर बाजारातही चूक कबूल करून आपलं काम पुन्हा उघडतो.