सोनटिकलीची जागा

दसऱ्यापर्यंत वाड्याच्या तटाच्या आत सोनटिकली फुलली नाही, तर बेटावरची अकराच्या अकरा घरं उठवायची आणि तिथंच राजाची बाग करायची, असा हुकूम सुटला. फूल बागेत येत नाही, तर बागच फुलाकडं जाईल, असं वीरोजी राजा म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्यानं विडा तोंडात टाकला.

सोनटिकली म्हणजे समुद्रातल्या त्या बेटावरचं रानफूल. मधे पिवळी टिकली, भोवती पिवळ्या पाकळ्यांची झालर. खडकाच्या फटीत, खाऱ्या वाऱ्यात, मूठभर मातीवर उगवायचं आणि श्रावण सरला की घरांपलीकडचं सगळं बेट पिवळं करून टाकायचं. राजानं ते होडीतून पाहिलं आणि हट्टाला पेटला.

थोरला माळी गणोजी तीन वर्षं खपत होता. त्यानं रोपांना शेणखत दिलं, ताक पाजलं, उन्हात छत्र्या धरल्या. रोपं अशी माजली की पानं अळवाएवढी झाली. फूल मात्र एक नाही. राजानं चौघडासुद्धा वाजवून पाहिला.

हुकूम ऐकून बेटावरची माणसं भांडीकुंडी बांधायला लागली. शेरडं राखणारी धुरपा तेवढी उठली. गेल्या साली वाऱ्यावर उडणाऱ्या सोनटिकलीच्या बियांच्या म्हाताऱ्या तिनं गोळा करून ठेवल्या होत्या. त्या तिनं फडक्यात बांधल्या आणि ऐन जेठात दरबारात जाऊन उभी राहिली.

"मी फुलवते," ती म्हणाली. "पण जागा मी निवडणार. आणि दसऱ्यापर्यंत ती कुठली, हे कुणी विचारायचं नाही."

राजा कबूल झाला. गणोजीला मात्र राहवेना.

"खत किती लागेल?"

"नको."

"पाणी?"

"आभाळ घालील तेवढं."

"राखण तरी?"

"ती तर मुळीच नको."

"मग माळ्यानं करायचं काय?"

"तेच तर आम्ही बेटावर तीन वर्षं एकमेकांना विचारतोय, गणोजीबाबा."

दरबारी मिशीत हसले.

धुरपानं चार दिवस वाडा पालथा घातला. बागेत एकेका झाडामागं चार माणसं. पागा दिवसातून तीनदा झाडलेली. मुदपाकखान्यात तर पाय ठेवायला जागा नाही. शेवटी समुद्राच्या अंगाला तिला हवं ते सापडलं. तिनं फडकं सोडलं, म्हाताऱ्या फुंकल्या आणि शेरडांकडं निघून गेली.

दसऱ्याला सकाळी ती राजाला घेऊन निघाली. मागं गणोजी, त्याच्यामागं दरबार. एका बोळात राजाच्या पगडीला कोळिष्टकं लागली. बोळ संपला आणि राजा जागीच थांबला. तटातल्या एका बंद दाराखाली दगडी पायऱ्या होत्या, आणि वरपासून खालपर्यंत सोनटिकलीच सोनटिकली!

राजा लहान पोरासारखा पायरीवर बसला. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

"पण ही जागा कुठली? आमच्या वाड्यात असं काही आहे?"

गणोजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

धुरपा म्हणाली, "महाराज, जिथं माणसाचं पाऊल पडत नाही आणि कुणी ढुंकून बघत नाही, तिथंच सोनटिकली फुलते. तुमच्या वाड्यात अशी एकच जागा मिळाली. तुमच्या वडलांनी रयतेसाठी केलेलं हे फिर्यादीचं दार. वर बघा, ती फिर्यादीची घंटा. आता तिच्यात चिमण्या नांदतात."

राजानं वर पाहिलं. एक चिमणी घंटेतून डोकं काढून त्यालाच न्याहाळत होती. आधी राजाचे कान लाल झाले. मग तो असा हसला, असा हसला, की चिमणी उडून गेली.

"बेट तुमचंच," तो डोळे पुसत म्हणाला. "ताम्रपट करून देतो. आणखी काही माग."

"हे दार उघडा."

"अगं, लोक येतील! फुलं तुडवतील सगळी."

"तुडवू देत की. फुलं बघावीशी वाटली तर बेटावर या, महाराज. होडी आमची."

राजा आणखी मोठ्यानं हसला आणि त्यानं दार उघडायला गणोजीलाच पुढं केलं. कडी इतकी गंजली होती, की तिथं तीन माळ्यांना पहिल्यांदा खरं काम लागलं.